रुसाल्काला शेपूट कोणी लावले?

१/ समाजमाध्यमांवर अधूनमधून एक चित्रतक्ता फिरू लागतो : 'स्लाव्ह पुराणांतील दहा भयंकर प्राणी'. त्यात माशाची शेपटी असलेली रुसाल्का असते, शिंगे फुटलेला वनराक्षस लेशी असतो, आणि कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीतील बाबा यागा 'प्राचीन मातृदेवता' म्हणून विराजमान असते. खाली आधार नसतो, काळ नसतो, गावाचे नाव तर नसतेच. इतिहासप्रेमी तरुण वाचक तो तक्ता इतिहास समजून पुढे पाठवतात. हा थ्रेड त्या तक्त्याविषयी आणि त्याने झाकलेल्या माणसांविषयी आहे.

२/ प्रतिपादन आरंभीच मांडलेले बरे. स्लाव्ह लोकसमजुतींतील भुतेखेते ही कोण्या हरवलेल्या महापुराणाची सुटी पाने नाहीत. रशिया, युक्रेन, बेलारूस, पोलंड, सर्बिया येथील शेतकऱ्यांनी आपल्या घराविषयी, शेताविषयी आणि विशेषतः आपल्या मृतांविषयी जे भय, जी माया आणि जो अपराधभाव पिढ्यान्‌पिढ्या बाळगला, त्याची ती नोंद आहे. तिच्यावर कल्पित देवदेवतांचा मुलामा चढवणारे लोक प्राचीन वारसा जपत नाहीत. ते त्या शेतकऱ्यांची साक्ष पुसतात.

३/ प्रथम पुराव्याचा हिशेब. ख्रिस्तपूर्व स्लाव्हांनी स्वतः लिहिलेला एकही धर्मग्रंथ उपलब्ध नाही. जे आहे ते ख्रिस्ती साधूंनी आणि परकीयांनी लिहिलेले. १२व्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या कीव्हच्या बखरीत ९८० च्या सुमारास राजा व्लादिमीरने टेकडीवर सहा देवांच्या मूर्ती उभारल्याचे सांगितले आहे : पेरुन, खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश. ९८८ मध्ये त्याच राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पेरुनची मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत फरफटत नेववली. देवांची नावे उरली. त्यांच्या कथा जवळजवळ उरल्या नाहीत.

४/ ही रिकामी जागा पुढे विद्वानांनी भरली. १६व्या शतकाच्या आरंभी पोलिश इतिहासकार मिएखोविता याने लोकगीतांतील 'लादा' आणि 'लेल, पोलेल' हे शब्द उचलले आणि ग्रीक पुराणांतील लेडा आणि तिचे जुळे पुत्र कॅस्टर व पोलक्स यांच्याशी त्यांची सांगड घातली. वस्तुतः हे शब्द म्हणजे गाण्यातील पालुपदे. जात्यावरच्या ओवीतील 'गं बाई' ऐकून उद्या कोणी 'गंबाई' नावाची देवी शोधून काढावी, तसा हा प्रकार.

५/ पालुपदातून जन्मलेला लेल तेवढ्यावर थांबला नाही. १८७३ मध्ये ओस्त्रोव्स्कीच्या 'स्नेगुरोच्का' या नाटकात तो देखणा गुराखी झाला, १८८२ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संगीतिकेत गाऊ लागला, आणि आज तो 'प्राचीन प्रेमदेव' म्हणून चित्रतक्त्यांत मिरवतो. 'कोल्यादा' देवाचीही तीच कथा : तो शब्द लॅटिन 'कॅलेंडे', म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, यावरून हिवाळी सणाला मिळालेला. सणाचे नाव आधी होते. देव त्याला मागाहून चिकटवला गेला. रशियन अभ्यासक अशा देवांच्या मेळ्याला उपहासाने 'अभ्यासिकेतील पुराण' म्हणतात.

६/ बाबा यागाचा 'हजारो वर्षांचा' इतिहासही तपासून पाहावा. तिचा पहिला स्पष्ट लिखित उल्लेख १७५५ मधील लोमोनोसोव्हच्या रशियन व्याकरणग्रंथाशी निगडित आहे. स्लाव्ह देवांसमोर त्यांच्या जोडीचे रोमन देव मांडताना त्याने पेरुनसमोर ज्युपिटर ठेवला. यागासमोर मात्र त्याला कोणी ठेवता आले नाही. ती लोककथेत याहून जुनी असणारच. परंतु 'जुनी असावी' आणि 'मातृदेवता होती' या दोन विधानांत जे अंतर आहे, ते केवळ इच्छेने ओलांडता येत नाही.

७/ येथे एका थोर संग्राहकाची चूकही सांगणे प्राप्त आहे. अलेक्सांद्र आफानासियेव याने १८५५ ते १८६३ या काळात सुमारे ६०० रशियन लोककथा प्रसिद्ध केल्या. हे ऋण फिटणारे नाही. परंतु पुढे १८६५ ते १८६९ मध्ये त्याने तीन खंडांत जो अर्थ लावला, त्यात प्रत्येक भूत म्हणजे ढग, वीज किंवा सूर्य ठरले. ही दृष्टी ग्रिम आणि ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांची. ज्या खेडुताने आपल्या बुडालेल्या शेजारणीची गोष्ट सांगितली, त्याला अभ्यासिकेतून उत्तर गेले : ती शेजारीण नव्हतीच, तो मेघ होता.

८/ वेदांचे हे वेड लवकरच बनावटीपर्यंत पोचले. स्तेफान वेर्कोविच या पुराणवस्तुसंग्राहकाने १८७४ मध्ये बेलग्रेडला आणि १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'वेद स्लोव्हेना' या नावाने दोन खंड छापले. रोदोपी पर्वतातील बल्गेरियन भाषक मुस्लिमांची ही आदिम गीते असून त्यांत विष्णूसारखी दैवते येतात, असा दावा होता. गीते जमवून देणारा इवान गोलोगानोव हा गावचा शिक्षक. त्याला या कामाचा मोबदला मिळत असे. जितकी गीते हवी तितकी तो पुरवत गेला. त्यांतील मोठा भाग त्यानेच रचला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

९/ 'वेलेसचे पुस्तक' ही त्यापुढची पायरी. १९१९ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत इझेनबेक या लष्करी अधिकाऱ्याला एका उद्ध्वस्त वाड्यात कोरलेल्या लाकडी फळ्या सापडल्या. ब्रुसेल्समध्ये मिरोल्युबोव्हने त्यांची नक्कल केली. १९४१ मध्ये इझेनबेक वारला आणि फळ्या नाहीशा झाल्या. कथा अशी. १९६० मध्ये लिदिया झुकोव्स्काया यांनी एका फळीचे म्हणून दिलेले छायाचित्र तपासले. त्यातील भाषा नवव्या शतकातील असणे अशक्य होते. पुढे त्वोरोगोव्ह, झालिझ्न्याक यांसारख्या भाषाशास्त्रज्ञांनीही हाच निर्वाळा दिला. तरीही आजच्या तक्त्यांतील निम्मे 'तत्त्वज्ञान' याच फळ्यांवर उभे आहे.

१०/ उदाहरणार्थ 'याव, प्राव, नाव' हे तीन लोक. जिवंतांचा, धर्माचा आणि मृतांचा, अशी ही सुबक त्रयी त्या बनावट पुस्तकातून पसरली. तिच्यातील 'नाव' हा शब्द मात्र अस्सल आहे; त्याचा अर्थ मृत. कीव्हच्या बखरीत १०९२ च्या नोंदीत पोलोत्स्क शहरातील भयंकर प्रसंग येतो : रात्री रस्त्यावर टापा वाजत, बाहेर डोकावणाऱ्याला अदृश्य घाव बसे आणि तो मरे; मृतच शहरावर तुटून पडले आहेत, असे लोक म्हणू लागले. दारे लावून बसलेले हे शहर हा खरा पुरावा. त्रयीच्या झगमगाटात ते कोणाला दिसत नाही.

११/ भारतीय वाचकाला या बनावटीचा मोह अधिक. 'वेद', 'विष्णू' हे शब्द परक्या मुलखात दिसले की अभिमान जागा होतो. शब्दांचे नाते खोटे नाही. चेटकिणीसाठीचा रशियन शब्द 'वेद्मा' म्हणजे 'जाणती'. त्यातील धातू संस्कृत 'विद्'चा सख्खा आप्त आहे. 'अग्नी' आणि रशियन 'ओगोन' हीदेखील भावंडेच. पण दोन्ही भाषा एका लुप्त पूर्वज भाषेच्या लेकी आहेत; एक दुसरीची आई नाही. भाषेचे नाते सिद्ध झाले म्हणून रशियन चेटकीण वेदकालीन ऋषिका ठरत नाही.

१२/ आता खऱ्या नोंदींकडे. १९व्या शतकाच्या अखेरीस व्याचेस्लाव तेनिशेव्ह या धनिकाने स्वखर्चाने प्रश्नावली काढून खेडोपाडीच्या शिक्षकांकडून, पाद्र्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून माहिती मागवली. तिच्या आधारे सेर्गेय माक्सिमोव्हचा भुताखेतांवरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वर्ग, पाताळ, देवांचे युद्ध असे काही नाही. चूल, धान्य वाळवण्याची कोठी, न्हाणीघर, पाणचक्की, रान आणि कुरण आहे. आणि प्रत्येक ठिकाणी त्या जागेचा एक धनी आहे.

१३/ घराचा धनी दोमोवोय. त्याला नावाने हाक मारीत नसत, 'आजोबा' म्हणत. नव्या घरी बिऱ्हाड हलवताना जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घेऊन घरातली वृद्ध बाई त्याला सोबत येण्याचे आमंत्रण देई. रात्री त्याचा हात अंगावरून फिरला आणि तो उबदार, केसाळ लागला तर सुख. थंडगार लागला तर दुःख. ज्या घराने त्याला मागे सोडले, तेथील ओसाड भिंतींत तो रडतो, असे सांगत. तक्त्यांत याच आजोबांना 'घरगुती राक्षस' असे नाव मिळते.

१४/ न्हाणीघराचा धनी बान्निक. धुराने काळवंडलेल्या त्या खोलीत लोक पाळीपाळीने न्हात. तीन पाळ्या माणसांच्या, त्यानंतरची त्याची. त्याच्यासाठी थोडे पाणी आणि भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी ठेवून जात. उशिरा एकटा न्हायला गेलेला माणूस सकाळी गुदमरून मेलेला सापडे, आणि बायकांची बाळंतपणेही अनेकदा याच खोलीत होत. जन्म आणि मरण ज्या चार भिंतींत इतके जवळ आले होते, तेथे राखणदार असणे कोणालाही नवल वाटले नाही.

१५/ शेतात भर दुपारी पोलुद्नित्सा, 'माध्यान्हीची बाई', फिरे. पूर्व जर्मनीतील सोर्ब या स्लाव्ह समाजात ती उन्हात राबणाऱ्याला गाठून अळशीच्या पिकाविषयी प्रश्नांमागून प्रश्न विचारते. तासभर उत्तरे देत राहिलेला वाचतो. अळशीची पेरणी, उपटणी, भिजवणी, कांतणी असे सारे टप्पे सांगता येणे म्हणजेच जीव वाचणे. ज्या समाजात कष्टाचे ज्ञान हीच ढाल होती, तेथील हे भूत आहे. तिच्या हाती तलवार देऊन तिला 'सूर्याची योद्धी' बनवण्यात काय साधते?

१६/ आणि रुसाल्का. हे नाव रोमन लोकांच्या 'रोझालिया' या गुलाबांच्या सणावरून आले. तो मृतांच्या स्मरणाचा सण होता. पूर्व स्लाव्ह खेड्यांतील रुसाल्काला शेपटी नाही. तिला पाय आहेत. ती नदीत जितकी, तितकीच राईच्या शेतात आणि भूर्जाच्या फांद्यांवर दिसते. कारण ती जलचर नाहीच. ती गावातलीच मुलगी आहे : बुडालेली, जीव दिलेली, लग्नाआधी मेलेली. १९१६ मध्ये द्मित्री झेलेनिनने शेकडो नोंदींच्या आधारे हे मांडले.

१७/ झेलेनिनच्या मांडणीनुसार शेतकरी मृतांचे दोन वर्ग करीत. पूर्ण आयुष्य जगून गेलेले ते 'आईबाप'. त्यांना घास ठेवायचा. अकाली किंवा अपघाती मेलेल्यांना मात्र माती स्वीकारत नाही, त्यांचे उरलेले आयुष्य ते मृत्यूच्या जागी भटकत काढतात, अशी समजूत होती. आत्महत्या केलेल्याला चर्चच्या दफनभूमीतही जागा नव्हती. म्हणजे जिला जगताना आधार मिळाला नाही, तिला मेल्यावर गावानेही नाकारले आणि देवळानेही.

१८/ या समजुतीची किंमत प्रेतांनी मोजली. १३व्या शतकात व्लादिमीरचा बिशप सेरापिओन याने आपल्या प्रवचनात लोकांना खडसावले, कारण आपत्ती टळावी म्हणून ते बुडालेल्यांची आणि फास लावून घेतलेल्यांची प्रेते उकरत होते. १९व्या शतकातही पाऊस ओढ देई तेव्हा अशा कबरी उकरल्याच्या, त्यांत पाणी ओतल्याच्या, प्रेत दलदलीत टाकल्याच्या नोंदी झेलेनिनला सापडल्या. दुष्काळाचा दोष कोणावर तरी ढकलायचा होता. मेलेली मुलगी उलट बोलणार नव्हती.

१९/ परंतु त्याच समाजात करुणाही होती, आणि तीही नोंदलेली आहे. मॉस्को व इतर शहरांबाहेर बेवारस, अपघाती मृतांना एका सामाईक खड्ड्यात ठेवीत. ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी, 'सेमिक'च्या दिवशी, लोक कफन घेऊन तेथे जात, अनोळखी प्रेतांना वस्त्र घालीत आणि स्वतःच्या हातांनी पुरत. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात हे खड्डे बंद झाले. रुसाल्कांचा आठवडाही याच सुमारास येतो. तेव्हा त्यांच्यासाठी झाडांवर कापडाच्या पट्ट्या आणि सूत टांगीत, कारण त्या उघड्या हिंडतात.

२०/ युक्रेनमध्ये सांगत की बाप्तिस्म्याआधी मेलेली बाळे हवेत रडत फिरतात आणि नाव मागतात. ऐकणाऱ्याने तत्काळ एक मुलाचे आणि एक मुलीचे नाव उच्चारून त्यांना बाप्तिस्मा द्यावा. म्हणजे जीव मोकळा होतो. बाळ मुलगा की मुलगी हे ठाऊक नसते, म्हणून दोन्ही नावे. सात वर्षे कोणीच ऐकले नाही, तर ते बाळ भूत होते. ही समजूत ज्या आयांनी जपली, त्यांच्या पदरी काय होते ते वेगळे सांगायला नको. त्यांच्या बाळांना 'श्रेणी : पाणभूत, शक्ती : मोहिनी' असे लेबल लावणे हे अज्ञान तर आहेच, निष्ठुरताही आहे.

२१/ मग शेपूट आले कोठून? पश्चिम युरोपच्या साहित्यातून. ड्वोर्झाकच्या १९०१ मधील 'रुसाल्का' या संगीतिकेची संहिता फुकेची 'उंडिने' आणि अँडरसनची छोटी जलपरी यांवरून स्फुरलेली आहे. संगीतिका अजोड आहे. परंतु रंगभूमीची जलकन्या चित्रकारांकडे, तेथून खेळांकडे आणि तेथून 'इतिहासा'च्या तक्त्यात शिरली. या प्रवासात पीडितेची मोहिनी झाली; जिच्यावर अन्याय झाला, तीच पुरुषांना बुडवणारी ठरली.

२२/ व्हॅम्पायरचेही तेच. १८९७ मध्ये स्टोकरने त्याला किल्ला आणि सरदारकी दिली. हॅब्सबर्ग अमलाखालील सर्बियातील नोंदी मात्र शेतकऱ्यांच्या आहेत : १७२५ मध्ये किसिल्येवो गावचा पेतार ब्लागोयेविच, १७३२ मध्ये मेद्वेज्या गावची लष्करी शल्यविशारदांची तपासणी. गावात माणसे पटापट मरत होती. भयभीत जिवंतांनी कबरी उघडल्या, प्रेतांना खुंट मारले, जाळले. अखेर १७५५ मध्ये मारिया थेरेसाने आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्या अहवालानंतर अशा उकराउकरीला मनाई केली. तेथे सरदार कोणीच नव्हता. साथ होती आणि शेजारी होते.

२३/ काही आक्षेप. 'विचर'सारख्या कादंबऱ्या आणि खेळ कल्पना लढवतात, त्यात गैर काय? काहीच नाही; ते स्वतःला इतिहास म्हणवत नाहीत. तौलनिक पुराणशास्त्र निषिद्ध आहे का? मुळीच नाही. इवानोव्ह आणि तोपोरोव्ह यांनी १९७४ मध्ये पेरुन आणि वेलेस यांच्या संघर्षाची पुनर्रचना मांडली. तिच्यावर वाद झाले, कारण त्यांनी आपले पुरावे उघड ठेवले होते. वाद घालता येणे हेच विद्येचे लक्षण. हरवलेल्या फळीशी वाद घालता येत नाही.

२४/ 'आपला मुंजा आणि त्यांची रुसाल्का सारखेच, म्हणजे मूळ एकच' हा आणखी एक सोपा निष्कर्ष. दोघांचेही आयुष्य लग्नाआधी तुटले, हे साम्य खरे आहे. परंतु अपुऱ्या आयुष्याचे भय अनेक समाजांना स्वतंत्रपणे वाटू शकते. साम्य दिसले की स्थलांतराचे बाण काढलेला नकाशा हवाच असे नाही. साम्याने जिज्ञासा जागी व्हावी. अभिमानाची पावती म्हणून ते वापरू नये.

२५/ पुरावा किती नाजूक असतो, हे पोलेसियेने दाखवले. प्रिप्यात नदीकाठच्या या दलदलीच्या प्रदेशात निकिता तोल्स्तोय (लेव्ह तोल्स्तोयचा पणतू) आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांचे बोल टिपत होते. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथेच चेर्नोबिलचा स्फोट झाला. कित्येक गावे रिकामी झाली, सांगणारी माणसे पांगली. टिपलेले तेवढे वाचले. त्यातून २०१० ते २०१९ या काळात लोकसमजुतींचे चार खंड निघाले. त्यांत गावाचे नाव आहे, सांगणाऱ्याचे शब्द आहेत.

२६/ म्हणून पुढचा तक्ता समोर येईल तेव्हा चार प्रश्न पुरेत. हे कोणी सांगितले? कोणत्या गावी? कोणत्या वर्षी? कोणी टिपले? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो तक्ता पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही, मग चित्र कितीही देखणे असो आणि त्यात आपल्या ओळखीचे संस्कृत नाव कितीही ठळक असो.

२७/ राईच्या शेताच्या बांधावर कोणीतरी भूर्जाच्या फांदीला एक कापडाची पट्टी बांधून गेले होते, बुडालेल्या मुलीने उघडे फिरू नये म्हणून. स्लाव्ह लोकसमजुतींचा खरा ठेवा तो आहे. त्या मुलीला शेपूट लावून बाजारात उभे करणाऱ्यांनी निदान तिची ती पट्टी तरी तिच्यापाशी राहू द्यावी.

(समाप्त) #इतिहास #लोकसाहित्य #थ्रेड